झडीचे दिवस आणि शहरातली छपरं

गावोगावच्या ताया, मावश्या, आज्या आणि लेकींनो, आजची गोष्ट पावसाची आहे आणि छपराची आहे.

श्रावणात दोन-तीन दिवस झड लागली की रानात वाफसा राहत नाही. खुरपणी थांबते, फवारणी थांबते, मजुरी बुडते. अशा दिवसांत बचत गटाच्या बैठकीत एखादी हमखास म्हणते, "चला गं, कुठंतरी जाऊ." दुसरी लगेच विचारते, "पावसात कुठं जायचं?" १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला येणं पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. पण शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घाटी दवाखाना, कोर्ट, बँक, कलेक्टर कचेरी, लग्नाचा बस्ता. काम नसताना, नुसतं बघायला, नुसतं बसायला म्हणून आपण या शहरात कधी येतच नाही.

म्हणून आज मी तुम्हाला या शहरातली छपरं दाखवणार आहे. वर पाऊस पडत असताना ज्यांच्याखाली बसता येईल अशी. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू: हे छप्पर कुणी बांधलं, आणि कुणासाठी?

पावसात एका जागी थांबायचा नियम

सुरुवात सगळ्यात जुन्या छपरापासून करू. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांचे भिक्खू गावोगाव पायी फिरायचे. पावसाळ्यातही फिरायचे. तेव्हा लोकांनी तक्रार केली, की हे लोक नुकतं उगवलेलं हिरवं तुडवतात, त्यांच्या पायाखाली बारीक जीव मरतात. शेतकऱ्याच्या मनातलीच तक्रार ती! बुद्धांनी ती ऐकली आणि नियम केला, की पावसाचे तीन महिने एका जागी राहायचं. यालाच वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमेला तो सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. भिक्खुणींनाही तो होता. जैन साधू-साध्वी चातुर्मास एका गावी राहतात. आपल्या घरातली म्हातारी माणसंही आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास पाळतात, पोथी लावतात. धर्म वेगवेगळे, पण पाऊस एकच. पावसात थांबावं, ऐकावं, वाचावं ही रीत आपल्या मातीत फार जुनी आहे.

तीन महिने थांबायचं तर छप्पर हवं. सह्याद्रीच्या काळ्या दगडात लेणी कोरली गेली, त्यामागचं एक मोठं कारण हेच. ज्या लेण्यात भिक्खू राहायचे त्याला विहार म्हणतात. मधे मोकळी जागा, भोवती लहान लहान खोल्या. ज्यात स्तूप असतो आणि वंदना होते ते चैत्यगृह.

आपल्या जिल्ह्यात कन्नड तालुक्यात पितळखोरा आहे. तिथली सगळ्यात जुनी लेणी दोन हजार वर्षांहूनही आधीची आहेत. तिथं एक गोष्ट बघून आपल्याला हसू येईल. त्या काळच्या कारागिरांनाही गळतीचा त्रास होता! डोंगरातून पाणी आत झिरपायचं. मग त्यांनी दगडातच पाण्याला बाहेर जायच्या वाटा खोदल्या. नागाच्या फण्यांतून पाणी बाहेर पडेल अशीही सोय केली. गळक्या घरात टोपली-पातेली मांडणाऱ्या बाईला ती धडपड कळेल.

आणि त्याहून मोठी गोष्ट. पितळखोऱ्याला दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. पैठणचा एक अत्तरवाला आहे. राजवैद्य मगिल आहे. आणि त्या राजवैद्याची मुलगी आहे, दत्ता. तिच्या भावाचं नाव वेगळं कोरलंय आणि तिचं वेगळं. बाईच्या नावाने दान, बाईच्या नावाची नोंद, तीही दोन हजार वर्षांपूर्वी. आज आपण घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून ग्रामपंचायतीत खेटे घालतो, तेव्हा ही दत्ता आठवावी. मात्र पितळखोरा दरीत आहे, ओढ्याच्या काठी. झडीत तिकडं जायचं नाही. ते उघडीप पडल्यावर.

शहराच्या डोंगरातली लेणी

पावसाळी दिवशी जाण्यासारखी लेणी शहरालगतच आहेत. बिबी का मकबऱ्याच्या मागे उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात ती कोरलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढं ही मागे पडली, त्यामुळे गर्दी कमी. यातलं ४ क्रमांकाचं चैत्यगृह सगळ्यात जुनं. बाकीची बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली.

३ क्रमांकाच्या लेण्यात आत गेलात की अंधाराला डोळे सरावू द्या. मग बुद्धांच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेली माणसं दिसतील. जवळजवळ आपल्याएवढी. पुरुष आहेत, बायाही आहेत. हात जोडून, कान देऊन ऐकताहेत. चौदाशे वर्षं ती मंडळी तशीच बसून आहेत. राजाराणीच्या, देवादिकांच्या मूर्ती आपण सगळीकडे बघतो. इथं ऐकायला आलेल्या माणसांची मूर्ती केलीय.

७ क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे. तिच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत: आग लागलीय, जहाज बुडतंय, सिंह आलाय, साप आलाय, हत्ती पिसाळलाय, शत्रूने तलवार उगारलीय, हातापायात बेड्या पडल्यात. ही भीती घरात बसलेल्याची नाही, वाटेवरच्या माणसाची आहे. या डोंगरांमधून व्यापारी मार्ग जायचे, तांडे जायचे, हे त्या दगडावरून कळतं. त्याच लेण्यात आतल्या गाभाऱ्यात एक नर्तकी आहे. तिच्याभोवती सहा जणी वाद्यं वाजवताहेत. नाचणारी बाई, वाजवणाऱ्याही बायाच. आपल्या पंचमीच्या फेराची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

या डोंगराच्या पायथ्याशीच आज विद्यापीठ आहे. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं आणि १४ जानेवारी १९९४ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. त्याच्याही आधी, १९५० साली, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथं महाविद्यालय काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय, आणि तो परिसर नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा होता. त्याने भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि नागसेनांनी त्याला उत्तरं दिली. जिथं आपल्या लोकांना शाळेच्या छपराखाली बसू दिलं जात नव्हतं, तिथं बाबासाहेबांनी कॉलेजचं छप्पर उभं केलं आणि नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. आजही वर्षावासात गावोगावच्या बुद्धविहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. ऐकायला बसलेल्यांत बायाच जास्त असतात. ३ क्रमांकाच्या लेण्यातली ती मंडळी आणि या बाया यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

पाण्याखालचं दालन

आता डोंगर उतरून शहरात येऊ. हे शहर म्हणजे पूर्वीचं खडकी गाव. १६१० साली मलिक अंबरने इथं राजधानी वसवली. हा आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. पुढं तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि आयुष्यभर मोगलांशी लढला. इथला भडकल दरवाजा त्याने १६१२ साली बांधला. पण त्याचं खरं काम जमिनीखाली आहे. डोंगरात मुरलेलं पावसाचं पाणी त्याने नहरीने, जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या.

त्यातल्याच एका नहरीवर पाणचक्की चालते. मध्यवर्ती बसस्थानकापासून ती जवळच आहे, खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे सगळं उभं राहिलं. डोंगराकडून काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून पाणी येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पंपाशिवाय पाणी वर कसं चढतं? पाणी जिथून निघतं ती जागा भिंतीपेक्षा उंच आहे. बंद नळातून आलेलं पाणी आपल्या मूळ उंचीपर्यंत चढायला बघतं. या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर खाली एक आडवं चाक फिरतं. चाकाच्या दांड्यावर वरची तळी बसवलेली, ती फिरली की दळण निघतं. आपलं जातंच ते, फक्त खुंट्याला हात नाही.

पावसाळी दिवशी इथं बघायची खरी गंमत म्हणजे मोठा हौद. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. जाड जाड खांबांवर ते पेललंय. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात वाटसरूंना गारव्याला बसता यावं म्हणून केलेली ही सोय.

इथं थोडं थांबून विचार करू. या चक्कीचं पीठ कुणासाठी होतं? दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी, सैनिकांसाठी. काम पुण्याचंच होतं. पण पाण्याने दळता येतं हे या शहराला तीनशे वर्षांपूर्वी माहीत होतं, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया मात्र पुढं कितीतरी पिढ्या पहाटे तीनला उठून हाताने दळत राहिल्या. झडीत तर जास्तच, कारण रानात काम नाही म्हणून सगळं घर घरात, आणि भाकरी तेवढ्याच लागणार. माझ्या आजीचे तळहात मी बघितलेत. यंत्र निघणं आणि ते बाईच्या हातापर्यंत पोचणं यात केवढं अंतर असतं, हे पाणचक्कीपाशी उभं राहिलं की समजतं. आज आपण गटाच्या कर्जातून पिठाची गिरणी घेतो, शेवयाचं मशीन घेतो, ते त्या अंतरावरचं एक पाऊल आहे.

संगमरवराखालची बाळंतीण

पाणचक्कीपासून पुढं बिबी का मकबरा. याला सगळे दख्खनचा ताज म्हणतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ही कबर कुणाची ते नीट ऐका. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची. पाच लेकरांची आई. १६५७ साली तिचं पाचवं बाळंतपण झालं आणि महिनाभरात ती याच शहरात वारली. मकबरा बांधल्याचं श्रेय तिचा मुलगा आझमशहा याला दिलं जातं. १६६१ च्या सुमारास तो पूर्ण झाला. अताउल्ला आणि हंसपतराय या दोघा कारागिरांची नावं दरवाजावर आहेत. जुन्या नोंदीत खर्च दिलाय ६ लाख ६८ हजार रुपयांच्या वर.

आणि आग्र्याचा ताजमहाल? तो मुमताज महलचा, म्हणजे दिलरसच्या सासूचा. तीही १६३१ साली बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. देशातल्या दोन नावाजलेल्या कबरी, आणि दोन्हींत बाळंतपणाने गेलेल्या सासू-सुना. राजवाडा होता, हकीम होते, दासी होत्या. तरी वाचल्या नाहीत. आत गेल्यावर जाळीदार कठड्यावरून खाली कबर दिसते. तिथं उभं राहून आपल्या सुनेची, लेकीची आठवण करा. गरोदरपणाची नोंद वेळेवर, तपासण्या वेळेवर, बाळंतपण दवाखान्यात, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही तितकंच लक्ष. ताप, अंगावरून जास्त जाणं, दम लागणं हे 'होतं असं' म्हणून सोडायचं नाही. दिलरस बाळंतपणातून उठली होती, गेली ती नंतर.

मागावरचे हात

पावसाच्या दिवशी बघायचं आणखी एक काम म्हणजे विणकाम. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. राजधानी परत गेली, पण तिच्याबरोबर आलेले काही विणकर इथंच राहिले, आणि त्यांच्याकडून इथं हिमरू आला असं सांगतात. सोन्या-चांदीच्या तारांचं किनखाब राजेरजवाड्यांसाठी. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र, किनखाबासारखी नक्षी पण कमी खर्चात. आता शहरात हिमरूचे हातमाग मोजकेच उरलेत. एखादा चालू माग दिसला तर घाई करू नका. एक वीत कापड व्हायला किती वेळ लागतो ते बघा.

पैठणीची कला त्याहून जुनी, ती आपल्या पैठणची. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने हाताने अडकवलेला असतो. आसावली, मुनिया, बांगडी मोर, कमळ अशी नक्षी. साध्या पैठणीला महिना लागतो, भरजरी पदराला वर्षही लागतं. पूर्वी कांड्या भरायच्या बायांनी आणि मागावर बसायचं पुरुषांनी. आज पैठणला बायाही मागावर बसतात. शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक जुनी पैठणी ठेवली आहे, सुमारे चारशे वर्षांची म्हणून ती दाखवतात. जवळच लढाईचे चिलखत आहे, हत्यारं आहेत. लोक तलवारीपाशी गर्दी करतात. आपण पैठणीपाशी थांबावं. कांड्या भरणाऱ्या बायांची नावं तिथल्या पाटीवर नाहीत, पण त्यांचं काम काचेमागे आहे.

ज्या छपराची नोंद नाही

एवढं फिरल्यावर एक गोष्ट राहते. भिक्खूंचा वर्षावास ग्रंथात आहे, मकबऱ्याचा खर्च नोंदीत आहे. आपल्या पणज्यांनी झडीचे दिवस कसे काढले, त्याची नोंद कुठं आहे? ओलं सरपण, धूर, न वाळणारी लुगडी, गळकं माळवद, आणि या सगळ्यात पहाटेचं दळण.

नोंद आहे. ती ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या बायांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. त्यांत माहेर आहे, सासर आहे, पाऊस आहे, विठ्ठल आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. लिहिता न येणाऱ्या बायांनी केलेलं एवढं मोठं लेखन जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. ते सगळं छपराखाली, अंधारात, हात चालू असताना झालंय.

जायचं तर असं जा

एका दिवसात सगळं होत नाही. पाणचक्की, मकबरा आणि शहरालगतची लेणी एका बाजूला आहेत, ती एका दिवसाला पुरतात. पहाडसिंगपुऱ्यातला सोनेरी महालही त्याच अंगाला आहे, तिथं राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. वेरूळसाठी वेगळा दिवस काढा. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे लक्षात ठेवा. वेरूळला ५ क्रमांकाच्या लेण्यात लांबच लांब दालन आहे आणि मधे दगडाचे दोन लांब बाक. भिक्खू तिथं शिकायला किंवा जेवायला बसत असावेत. गटाने रांगेत बसून ओव्या म्हणायला याहून चांगली जागा नाही. पुढं घृष्णेश्वराचं मंदिर आहे, अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. वाटसरूला पावसापाण्यात टेकायला जागा हवी, हे ओळखून त्या बाईने देशभर धर्मशाळा बांधल्या. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा लेकींना बरोबर घ्या. लेण्यांच्या पायऱ्या शेवाळतात, चप्पल पकड असलेली घाला. धबधब्याखाली जायचं नाही. डबा घरचाच, आणि प्रत्येकीकडे एक जादा कोरडं पातळ.

आणि गावात परत आल्यावर पुढच्या बैठकीत दोन कामं करू. पहिलं, गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारायचं की झडीत तुम्ही काय करायच्या, कोणती ओवी म्हणायच्या, आणि ती मोबाइलवर तिच्याच आवाजात भरून घ्यायची. तिचं पूर्ण नाव आणि गाव आधी बोलायला लावायचं. दुसरं, ग्रामसभेत एक ठराव मांडायचा. आपल्या बैठका कधी शाळेच्या व्हरांड्यात होतात, कधी देवळात, पाऊस आला की उठून घरी. बायांना झडीतही बसता येईल अशी एक खोली गावात हवी, पक्क्या छपराची, दिवा असलेली आणि शेजारी संडास असलेला. ठरावावर सह्या करताना प्रत्येकीने आपलं नाव पूर्ण लिहायचं. दत्ताचं नाव दगडावर टिकलं, आपलं निदान ग्रामसभेच्या वहीत तरी असू दे.

भेटू पुढच्या वेळी. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.